वाफेवरच्या करंज्या

राजारामपुरी, कोल्हापूर
६ ऑगस्ट २०२५

चि. पूर्णिमा हिस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. तुझे मामंजी गेल्याचं नेसरीला तुझ्या माहेरापर्यंत पोचलं आणि तू चार ओळी लिहिल्यास, हे मी विसरणार नाही. सहा वर्षांत या घरात आलेलं तुझं पहिलं पत्र. पण पाकिटावरचं अक्षर बघून मला वाटलं, कुणा दुसरीतल्या पोराचं पत्र चुकून आपल्याकडं आलंय. पस्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या मी. नाव न बघता अक्षरावरनं पोर ओळखायचे. आणि माझ्या सुनेचं अक्षर मला ओळखू येऊ नये?

तुझं अक्षर डावीकडं किंचित कललेलं असायचं. वाण्याची यादी लिहिलीस तरी लग्नाची पत्रिका वाटायची. हे पत्र तू उजव्या हातानं लिहिलंयस. ओळी खाली उतरल्यात, ‘ळ’ दोनदा गिरवलाय. मागं गडहिंग्लजच्या एका लग्नात तुझा भाऊ पिराजी भेटला होता. तो म्हणाला होता, "ताई डावा हात कशाला लावत न्हाई. चुलीम्होरं जात न्हाई. घास बी कुणाला वाढत न्हाई." मी ते ऐकून घेतलं आणि पंगतीला जाऊन बसले. आता डोळ्यांनी बघितलं.

आर्यनबद्दल मी काही लिहिणार नाही. त्याला शेंगदाणा चालत नव्हता, शेंगदाण्याची करंजी त्याच्या डब्यात गेली, तुझं सात वर्षांचं पोर तासाभरात हातचं गेलं. तुझ्या डाव्या हाताचा घोटाळा झाला असं सगळ्यांनी धरलं आणि तूही धरलंस. झालं त्याला सहा वर्षं झाली. खपली काढण्यात अर्थ नाही. पण बाई, लिहायचं तेवढं तरी डाव्या हातानं लिही. वर्गात डाव्या हातावर मी पट्ट्या मारल्यात. तू नवी नवरी होतीस तेव्हा तुझ्या डाव्या हातातली पळी काढून उजव्यात दिली होती. तीच मी आता हे सांगतेय, तर ऐक.

इकडचं सांगायचं तर प्रसेनजीत बरा आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत शिफ्ट बदलत्या. घरी आला की मी वाढलेलं मुकाट जेवतो, ताट स्वतः घासतो, बोलत नाही. बायकोचं नाव त्यानं सहा वर्षांत घेतलेलं नाही.

आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं ना, तिथं आता चायनीज झालंय. गाडीवरचं लाल तेलातलं नव्हे. चार टेबलं, आणि दारातच बांबूच्या चाळण्या एकावर एक रचलेल्या, खालून वाफ. फळ्यावर लिहिलंय ‘डंपलिंग’. गल्लीतल्या बायका वाफेवरच्या करंज्या म्हणतात. चालवणारा उमर शिरोळचा. कलकत्त्याला एका चिनी म्हाताऱ्याच्या हॉटेलात बारा वर्षं राबून शिकून आलाय. त्याची बायको मुबशिरा पुढंच पाटावर बसून सारण भरते आणि मुरड घालते, सगळ्यांना दिसेल अशी. काल प्रसेनजीतची सेकंड शिफ्ट होती. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा आला म्हणून गेले.

"बसा मावशी. चिकन का व्हेज?" उमरनं विचारलं.

"आदी हे सांग, ह्यात शेंगदाणा हाय का?"

"आत न्हाई, चटणीत हाय," मुबशिरा पाटावरनंच म्हणाली. "तुमाला चालत न्हाई व्हय?"

"न्हाई चालत."

मी असं का म्हणाले कुणास ठाऊक. मी आयुष्यभर मुठीनं शेंगदाणे खाल्लेली बाई. तिनं बिचारीनं माझ्यासाठी नुसत्या लसणाची आणि लाल मिरचीची चटणी वेगळी वाटून दिली. आठ नग येतात. पहिला तोंडात फोडला तर आतलं गरम पाणी जिभेवर सांडलं, चांगलीच पोळले. आलं होतं, कांद्याची पात होती, चिकन बारीक केलेलं. चव चांगली आहे. तू आलीस तर तुला नेईन असं लिहिणार होते. लिहिलं तर लिहिलं, आता खोडत नाही.

तब्येतीला जप.

तुझी आत्ती

---

३ सप्टेंबर २०२५

चि. पूर्णिमा,
जय भीम.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तराच्या आशेवर लिहीत नाही, मास्तरणीला लिहायची खोडच असते.

आता मी दर बुधवारी त्या उमरकडं जाते. चारच्या सुमारास, क्लासची पोरं यायच्या आधी. भिंतीकडचं दोघांचं टेबल माझं ठरून गेलंय. मी दिसले की मुबशिरा आतल्या फळीवरनं एक निळी वाटी काढते. ती माझी वाटी. तिच्यात शेंगदाण्याची चटणी कधीच घालायची नाही, विसळायचीही वेगळी, असा तिनं नवऱ्याला दम भरलाय. तरीही मी दरवेळी विचारते, "शेंगदाणा न्हाई न्हवं?" तीही दरवेळी न कंटाळता म्हणते, "न्हाई मावशी. मी हाय की."

पूर्णिमा, त्या टेबलाला धक्का बसतो. बारीक. जेवताना आर्यन पाय हलवायचा आणि ताटातलं वरण हिंदकळायचं, तू ओरडायचीस, तसा. पहिल्यांदा वाटलं टेबलच डुगडुगतंय. उमरला सांगितलं, त्यानं पायाखाली पुठ्ठा घातला. पुढच्या बुधवारी वाटीतली चटणी पुन्हा हलली. मी वाकून समोरच्या खुर्चीखाली बघितलं. फरशी होती, दुसरं काय असणार? आणखी एक होतं. चाळणीचं झाकण काढायच्या आधी वाफ कडेनं निघते ना, तेव्हा बारीक सूं असा आवाज येतो. आर्यनच्या छातीतनं त्या दिवशी येत होता तसाच. दर वेळी मी मान वळवते. मला भीती वाटते. तरी बुधवार आला की साडेतीनला मी साडी बदलून तयार असते, हे तुला सांगितलं नाही तर कुणाला सांगू?

आज मी मुबशिराला विचारलं, चिकनची कुठली आणि भाजीची कुठली हे तुला कळतं कसं?

"मुरडीवरनं की. चिकनची उजवीकडं घालायची, भाजीची डावीकडं. वाफंतनं भाईर आली की सगळी सारकीच दिसत्यात."

म्हणजे आपल्या घरासारखंच. आपली शेंगदाण्याच्या कुटाची सुलटी आणि आर्यनची खोबऱ्याची उलटी. मीच ती पद्धत पाडली होती. तो तीन वर्षांचा असताना चिक्कीच्या एका तुकड्यानं त्याचे ओठ सुजले होते, त्याच वर्षीपासून. आर्यनच्या करंज्या आधी तळायच्या, कोऱ्या तेलात, आणि डबा वेगळा.

मग मुबशिरा म्हणाली की एका बैठकीत एकच सारण भरायचं, असा त्या चिनी म्हाताऱ्याचा नियम होता. सारण बदलायचं तर उठायचं, हात धुवायचे, पाणी प्यायचं आणि दुसऱ्या पाटावर बसायचं. मी म्हटलं, एवढं सोवळं कशाला?

"सोवळं न्हवं मावशी. सारण बदललं ते डोक्याला कळतंय, हाताला न्हाई कळत. हात आपली मगाचीच मुरड घालत ऱ्हातोय. म्हातारा म्हणायचा, हाताला उटवल्याबिगर त्याला काय समजत न्हाई."

ताटात पाच राहिले होते. मला जाईनात. तिनं बांधून दिले, ते तसेच फ्रीजमध्ये आहेत.

ह्यात विशेष काही नाही. तुला वाटेल, म्हातारीला काही कामधंदा उरला नाही. डाव्या हातानं लिहायचं बघ.

तुझी आत्ती

---

२४ सप्टेंबर २०२५

पूर्णिमा,

आज जे झालं ते आजच लिहिते. उद्या मी ते गुळगुळीत करून लिहीन, मला माझी खोड माहीत आहे.

आज दुकानात गर्दी होती. कुठल्याशा क्लासची परीक्षा संपली होती, पोरं भिंतीला टेकून उभी होती. मी माझं विचारलं, तिनं तिचं उत्तर दिलं. ताट आलं, निळी वाटी आली. मी पहिला नग बुडवून तोंडात घातला.

शेंगदाणा होता. त्या दिवसापासून आपल्या घरात शेंगदाणा आलेला नाही, पण ती चव काय मी विसरणार? भाजलेलं कूट, त्यात जरासा गूळ. मी तो गिळला. दुसरा नग घेतला, तोही बुडवला. तिसरा हातात होता तेव्हा मुबशिरा पाटावरनं अशी उठली की पिठाची परात पालथी झाली.

"मावशी! थुका ते! गिळू नगा!"

तिनं माझ्या हातातनं घास काढून घेतला, अगदी तोंडात बोट घालायची बाकी ठेवली. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या हातनं झालं. वाट्या बदलल्या. शेंगदाणं गेलंय ह्येंच्या पोटात, ह्येंला चालत न्हाई. रिक्षा बघा कुणीतरी!" उमर रस्त्यावर धावला. तिनं पिठाच्याच हातानं फोन लावला. कोपऱ्यावरचे डॉक्टर असावेत. मी शब्द न् शब्द सांगू शकते. "डॉक्टर, माझी चूक झालीया. शेंगदाण्याची चटणी दिली मी. दोन नग खाल्ल्यात, तीन मिन्टं झाली. घिऊन येतोय, तयारीत ऱ्हावा."

आवाज जराही कापला नाही तिचा. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस तिला दबक्या आवाजात म्हणाला, "वैनी, हळू बोला. हॉटेल बंद पडंल तुमचं."

"पडू दे की! ही बाई मेली म्हंजे?"

मी उठून उभी राहिले. म्हणाले, मला काही होत नाही. मला सगळं चालतं. मी खोटं बोलत होते.

तिला कळेचना. मला धरून दारापर्यंत ओढत होती. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा माझा हात सोडला, खाली पिठातच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग तिला राग आला, आणि यायलाच पाहिजे होता.

"मग दर बुधवारी कशाला इचारत हुतासा वो? माजा जीव घ्याला?"

सगळं दुकान माझ्याकडं बघत होतं. मी तशीच निघाले. घरी येईपर्यंत मला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मी माझ्यासाठी विचारत नव्हते. त्याच्यासाठी विचारत होते. एकदा विचारायचं राहिलं म्हणून आता दर बुधवारी विचारत होते.

त्या पोरीला चूक कबूल करायला तीन मिनिटं लागली. पूर्ण मिनिटंसुद्धा नसतील.

शालन

---

४ ऑक्टोबर २०२५

पूर्णिमा,

तुझी एक ओळ आली. "आत्ती, हे मला का सांगता, मला त्रास होतो." उजव्याच हातानं. त्रास होतो हे खरं आहे, आणि का सांगते हेही आज लिहिते. हे पत्र बसून वाच. आई जवळ असली तर तिला जवळच राहू दे.

चौदा एप्रिल. जयंती. तुझे मामंजी आणि प्रसेनजीत सकाळपासनं मिरवणुकीच्या गडबडीत. आपण दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो होतो. तू शेंगदाण्याच्या भरत होतीस, मी आर्यनच्या खोबऱ्याच्या. तू सगळा वेळ उजव्या हातानं मुरड घातलीस. मी समोर होते, माझं लक्ष तुझ्या हातावरच होतं, तू चुकतेस का हे बघायलाच मी समोर बसले होते. डाव्या हातानं घातली की मुरड उलटी पडते, पण तू एकदाही हात बदलला नाहीस. हे मी शपथेवर सांगते.

माझं खोबरं संपलं. चार पाऱ्या लाटलेल्या उरल्या होत्या, सुकत चालल्या होत्या. तू तेवढ्यात बाहेर कुणी हाक मारली म्हणून उठलीस. मी तुझं कुटाचं ताट ओढलं आणि त्या चार भरल्या. मुरड घातली. उलटी. चाळीस करंज्यांना उलटी घालत आले होते, हात तीच घालत गेला. तेव्हा मला कळलं नाही, खरंच नाही कळलं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखी एवढीच गोष्ट आहे, ती संपली.

तळून झाल्यावर तू मुरड बघून डबे भरलेस. मीच शिकवलं होतं तसे.

चार वाजता त्यानं एक घेतली. अर्धी खाल्ली आणि छातीला हात लावला. तू आणि मिरवणुकीतनं धावत आलेला प्रसेनजीत त्याला स्कूटरवर घेऊन गेलात. मी घरात एकटी राहिले. अर्धी करंजी पलंगाखाली पडली होती. उचलली. आत कूट होतं. मुरड बघितली. पूर्णिमा, तुझी मुरड बारीक, नखानं घातलेली. माझी जाड, अंगठ्याची. आयुष्यभर अक्षर ओळखत आलेली बाई मी, मला कितीसा वेळ लागणार?

मी ती अर्धी करंजी तोंडात घातली आणि खाल्ली.

फेकली असती तर कुणाला तरी दिसली असती. एवढा विचार त्या वेळी माझ्या डोक्यानं केला. नातू गुदमरत स्कूटरवर चाललाय आणि त्याची आजी दाताखाली पुरावा चावतेय. तेवढ्यात फोन वाजला. घाईनं घास खाली उतरवला आणि उचलला. प्रसेनजीत होता.

"आई, त्येनं काय खाल्लंय? शेंगदाणा गेला का पोटात? डॉक्टर इचारत्यात."

मी म्हणाले, "न्हाई. खोबऱ्याचीच हुती. मी बघितलीया."

डॉक्टरांनी मग दम्याचा झटका धरून इलाज सुरू केला. शेंगदाणाच असणार असं त्यांना त्याच्या अंगावर उठलेल्या गांध्यांवरनं कळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली. ती मिनिटं मिळाली असती तर तो वाचला असता का, हे मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंच नाही. दर बुधवारी त्या पोरीला विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतनं डबा उघडला. उलट्या मुरडीच्या तीन करंज्यांत कूट निघालं. त्यानं तुझ्या हाताकडं बघितलं. नुसतं बघितलं, आणि तू आपला डावा हात पदराखाली घेतलास. मी दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, तेव्हा ते एकच वाक्य होतं. नंतर विहारात आर्यनच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालीस, "माज्या हातनं झालं." मी डोळ्यांना पदर लावला. बायका मला पाणी देत होत्या, तुला कुणी दिलं नाही. आठ दिवसांनी पिराजी येऊन तुला घेऊन गेला, तेव्हा मी तुझी पिशवी रिक्षात ठेवली. थांब म्हणाले नाही. तू गेलीस तर बरं, असं मला वाटलं. तुझा तो पदराखालचा हात मला घरात बघवत नव्हता.

तू काही केलं नव्हतंस. ना उजव्या हातानं, ना डाव्या. त्याला मी मारलं, आधी चुकून आणि मग जाणून.

हे मी तुझ्याजवळ बोलले, पण तुला नावं ठेवली ती चारचौघांत. तेव्हा हेही चारचौघांतच बोलायला पाहिजे. पुढच्या रविवारी, बारा तारखेला, विहारात सगळे जमतात.

शालन

---

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

पूर्णिमा,

आज विहारात बोलले. काय काय झालं ते क्रमानं लिहिते.

वंदना झाली, तेव्हा मी उठले. साठ-सत्तर माणसं होती. प्रसेनजीत मागं दाराशी बसला होता. त्याला आधी सांगायचं धाडस माझं झालं नाही. घरी सांगितलं असतं तर त्याचा चेहरा बघून पुन्हा गप्प बसले असते. मी सगळं सांगितलं. चार पाऱ्या, उलटी मुरड, अर्धी करंजी, फोन. वर्गात धडा शिकवायचे तसं खणखणीत सांगितलं.

 मग अध्यक्ष जोतीरामदादा उठले, डोळे पुसत पुसत म्हणाले, "बाई, तुमचं मन लई मोठं. सुनंचा दोष आपल्या डोक्यावर घ्याला लागलासा."

मला आधी कळलंच नाही, ते काय म्हणतायत.

"दोष माजाच हाय दादा! मी खाल्लीया ती करंजी!"

"बसा, बसा. मालक गेल्यापासनं तुमी एकट्या पडलाय," ते म्हणाले. बायका उठल्या. एकीनं पाठीवरनं हात फिरवला, एकीनं चहा आणला. मागनं कुणीतरी म्हणालं, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. पूर्णिमा, मी ओरडले. जितकी ओरडले तितक्या त्या मला गोंजारत गेल्या. खोटं बोलले होते तेव्हा याच लोकांनी एका शब्दावर विश्वास ठेवला होता. मला वाटलं, आता संपलं. आता मी मरेपर्यंत मोठ्या मनाची बाई होऊन राहणार, आणि तू तिकडं हात पदराखाली घेऊन बसणार.

तेव्हा प्रसेनजीत दाराशी उभा राहिला.

"आई."

सहा वर्षांत त्यानं मला इतक्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. सगळे वळले.

"त्या दिवशी फोनवर तुज्या तोंडात काय हुतं?"

मला वाटत होतं, मी गिळून फोन उचलला. नव्हता गिळला.

"मला चावल्यालं ऐकू आलतं," तो म्हणाला. "पोरगं माज्या मांडीवर निळं पडाय लागलंय आणि हिकडं आई कायतरी खातीया. सहा वर्सं त्येच माज्या कानात हाय. तुज्या हातचं जेवायला बसलो की पयला घास घेताना त्येच ऐकू येतंय. कुनाला सांगू? आईबद्दल असलं बोलायचं कसं? काय हुतं तोंडात?"

"त्येचीच करंजी," मी म्हणाले.

पाठीवरचा हात निघाला. जिनं चहा दिला होता तिनं कप उचलून नेला. जोतीरामदादा खाली बसले. तुला दोष दिलेली सगळी माणसं तिथं होती आणि सगळ्यांनी ऐकलं. आता हे कुणी परत फिरवू शकत नाही, मीसुद्धा नाही.  एकेक जण चपला घालून गेला. मी शेवटी निघाले.

प्रसेनजीत माझ्या आधी घरी आला होता. त्यानं बॅग भरली. उद्या पहाटेच्या गाडीनं तो गडहिंग्लजला उतरून नेसरीला येतोय. हे पत्र तोच आणील, पोस्टात टाकत नाही. इथं परत येणार का, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. मी जेवायला वाढलं तर म्हणाला, नको. आता लपवायचं काही राहिलं नाही म्हणून त्याला नको म्हणता आलं, असं मला वाटतं. मी ताट झाकून ठेवलं.

तू त्याला पाणी विचार असं मी सांगणार नाही. तू मला माफ कर असं तर मुळीच लिहिणार नाही, ते मागायचीही एक लायकी लागते. सहा वर्षं त्यानंही तुला विचारलं नाही, की पूर्णिमा, खरंच तुझ्या हातनं झालं का? एकदा विचारलं असतंस तर, असं मी त्याला म्हणणार होते. पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं.

झोपायला जाताना तो माझ्या खोलीच्या दारात येऊन थांबला. माझ्याकडं बघत नव्हता.

"तिला हाक काय म्हणून मारू?"

"हाक मारू नगंस," मी म्हणाले. "दारात उभा ऱ्हा. हाक मारायची का न्हाई ते ती ठरवंल."

शालन